विश्लेषण : ‘कुजणारे’ प्लास्टिक नेमके कुठे कुजते?

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. उन्हात उभ्या बंद मोटारीत तो ६० अंशांच्या आसपास पोहोचू शकतो. मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचा (पीएलए) साधा पेला ५५ ते ६० अंशांवर मऊ पडतो. मात्र तोच पेला ताडोबाच्या जंगलात फेकला तर वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. यावर उपाय म्हणून दोन घटकांचे ‘सहपॉलिएस्टर’ बनवले जाते.

ते कसे बनते?

लॅक्टिक आम्लाचे रेणू थेट जोडले, तर प्रत्येक जोडणीत पाणी बाहेर पडते. ते पूर्ण काढणे कठीण असल्याने साखळी आखूड राहते. म्हणून आधी दोन रेणूंचे ‘लॅक्टाइड’ हे वलय बनवतात. कथिलाचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरून साधारण १३० ते १८० अंशांवर हे वलय उघडले जाते. उघडलेली वलये एकापुढे एक जुळतात, पाणी बाहेर पडत नाही आणि साखळी लांब होते. कच्च्या मालात ओल राहिली, तर साखळ्या आखूड होऊन माल ठिसूळ निघतो.

दुसरे वलय कशासाठी?

कॅप्रोलॅक्टोन मिसळले की प्लास्टिक लवचिक होते, पण उष्णता सोसण्याची ताकद घटते. ग्लायकोलाइड मिसळले की विघटनाचा वेग बदलतो. शस्त्रक्रियेतील ‘पॉलिग्लॅक्टिन ९१०’ या धाग्यात ९० भाग ग्लायकोलाइड व १० भाग लॅक्टाइड असते. तो शरीरात ५६ ते ७० दिवसांत जिरतो. नुसत्या पीएलएला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

तपासणी कशी होते?

भट्टीत टाकलेले प्रमाण साखळीत जसेच्या तसे उतरेलच असे नाही. एक वलय आधी संपते, दुसरे मागे राहते. त्यामुळे तीन चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. ‘एनएमआर’मधून घटकांचे प्रमाण व क्रम कळतो, ‘जीपीसी’मधून साखळीची लांबी आणि ‘डीएससी’मधून मऊ पडण्याचे व वितळण्याचे तापमान.

ग्राहकाने काय पाहावे?

प्राज इंडस्ट्रीजच्या जेजुरी येथील जैवपॉलिमर प्रात्यक्षिक प्रकल्पाचे २०२४ मध्ये उद्घाटन झाले. म्हणजे हा विषय आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. कंपोस्टयोग्य पिशव्यांच्या उत्पादकांना ‘आयएस/आयएसओ १७०८८’ हे मानक पाळावे लागते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. मात्र हे मानक औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहे. तिथे साधारण ५८ अंश तापमान आणि पुरेशी ओल आठवडेच्या आठवडे टिकवली जाते. नाल्यात, उघड्या कचराकुंडीत किंवा जंगलातील पाणवठ्यावर ही स्थिती नसते. त्यामुळे अशा पिशव्या वेगळ्या गोळा करून कंपोस्ट प्रकल्पापर्यंत नेण्याची सोय नसेल, तर जंगलातील जनावरांसाठी त्या साध्या प्लास्टिकइतक्याच धोक्याच्या ठरू शकतात.