शाबितीचें ओझें कोणाच्या शिरावर?

फौजदारी न्यायालयानें निर्दोष म्हणून सोडलेल्या मोटारचालकाच्याच चुकीबद्दल, अपघातांत मेलेल्या गृहस्थाच्या विधवेस मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली, असें ऐकलें म्हणजे सुजाण माणसेंही गोंधळतात. एक निर्णय खरा तर दुसरा खोटा, असें त्यांस वाटतें. वस्तुतः दोन्ही निर्णय एकाच वेळीं बरोबर असूं शकतात. कारण दोन्हीं ठिकाणचीं मापें निराळीं आहेत.

फौजदारी खटल्यांत वाजवी संशयास जागा उरणार नाहीं इतका अपराध शाबीत व्हावा लागतो. दिवाणी दाव्यांत कोणत्या पक्षाचें म्हणणें अधिक संभवनीय, एवढेंच तोलून पाहावयाचें असतें. मौज अशी कीं, हा भेद कायद्याच्या शब्दांत नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत 'शाबीत' या शब्दाची व्याख्या एकच होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही ती राखली आहे. भेद केला तो न्यायाधीशांनीं. गेलेलें धन परत मिळवितां येतें. तुरुंगांत गेलेलीं वर्षें कोणी परत देऊं शकत नाहीं. वैवाहिक दाव्यांतील छळाच्या आरोपासही दिवाणी मापच लावावें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं ठरविलें.

माप कोणतें यापेक्षां ओझें कोणाचें, हा प्रश्न अधिक बिकट. इंग्लंडांत १९३५ सालीं वूल्मिंग्टन नांवाच्या तरुण शेतमजुरास पत्नीच्या खुनाबद्दल फांशीची शिक्षा झाली. बंदूक चुकून उडाली, असें तो सांगत होता. परंतु मृत्यु आरोपीच्या हातून झाला हें ठरल्यावर तो खून नव्हे हें त्यानेंच दाखवावें, असें न्यायाधीशानें ज्यूरीस सांगितलें होतें. उमरावसभेनें शिक्षा रद्द केली. हेतु सिद्ध करण्याचें ओझें सरकारपक्षाचेंच, असा निर्णय झाला आणि तो तरुण सुटला.

भारतांतील स्थिति थोडी वेगळी. अपघात, आत्मसंरक्षण, वेड यांस कायदा अपवाद मानतो, आणि अपवादाचा आसरा घेणाऱ्या आरोपीनेंच तो दाखविला पाहिजे. मुंबईच्या गाजलेल्या नानावटी खटल्यांत १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हाच मुद्दा तपासला. तथापि आरोपीवरील हें ओझें हलकें असतें. आपली हकीकत संभवनीय आहे, एवढें त्यानें दाखविलें तरी पुरे. त्याच्या पुराव्यानें मूळ हेतूविषयींच संशय उत्पन्न झाला, तर त्या संशयाचा फायदाही त्यालाच मिळतो.

कांहीं ठिकाणीं कायदा एखादी गोष्ट गृहीतच धरतो. न वटलेल्या चेकवरील सही आपली आहे हें कबूल केलें, कीं तो देणें फेडण्यासाठींच दिला होता असें धरून चालतात. 'कोरा चेक तारण म्हणून दिला होता' एवढें म्हणून भागत नाहीं; हिशेबाच्या वह्या, पत्रें, साक्षी यांच्या आधारें तें संभवनीय करून दाखवावें लागतें. नातलगाच्या भिडेखातर कोऱ्या चेकवर सही करणारा गृहस्थ त्यामुळें फौजदारी न्यायालयांत आरोपी म्हणून उभा राहतो, आणि शाबितीचें ओझेंही त्याच्याच शिरावर येतें.