हवा जाते कुठून?

माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या वाटेवर सायकलचे चाक बसले, की पहिला संशय बाभळीच्या काट्यावर जातो. पण दोष अनेकदा वॉलमध्ये असतो.

आपल्या साध्या सायकलींच्या वॉलमध्ये पितळी पिनेवर रबराची बारीक नळी, म्हणजे वॉलट्यूब, चढवलेली असते. पिनेच्या बाजूला एक छिद्र असते. पंपाच्या दाबाने रबर किंचित फुगते आणि हवा आत शिरते. पंप थांबताच आतली हवाच रबराला छिद्रावर दाबून धरते. उन्हाने, जुनेपणाने रबर ताठरले, चिरले, की हवा हळूहळू निसटते. म्हणून आधी वॉलच्या तोंडावर पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा आला, तर वॉलट्यूब बदला. काम काही रुपयांत होते.

बुडबुडा नसेल, तर ट्यूब काढून पाण्यात बुडवा. एकच छिद्र दिसले, तर बहुधा काटा. शेजारी दोन छिद्रे असतील, तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेपली आहे. वॉलच्या बुडाशी चीर असेल, तर तिथे पॅच टिकत नाही, ट्यूबच बदलावी लागते. हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि वॉल तिरका होतो. चीर अशीच पडते.

पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून जाड फडके फिरवा. राहिलेला काटा नवी ट्यूबही फोडतो.

यवतेश्वरचा घाट चढायचा असो की सांगलीतल्या शाळेत जायचे असो, आठवड्यातून एकदा हवा तपासा आणि दप्तरात एक वॉलट्यूब ठेवाच.