घरगुती सामान

दिवाळी जवळ आली की आमच्या वऱ्हाडातल्या घरांना दोन कामे लागतात. एक फराळ करण्याचे आणि दुसरे तो पाठवण्याचे. पहिल्या कामाला पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. दुसऱ्याची घडी अजून नीटशी बसायची आहे. एके काळी मुले शिकायला फार तर अमरावतीला, नाहीतर नागपूरला जात आणि दिवाळीला घरी येत. आता ती पुण्याला असतात, बंगळूरला असतात, कुणाकुणाची तर सातासमुद्रापलीकडे असतात. मुले येत नाहीत, म्हणून चकल्या त्यांच्याकडे जातात. खोक्यात चकलीच्या डब्याभोवती चार बोटे जागा रिकामी राहिली तर ती आपल्या गृहिणींना बघवत नाही. मग तिथे तेलाची बाटली बसते, उटण्याची पुडी बसते, आणि हल्ली त्यांच्या जोडीला सुगंधी फवाऱ्याचा एखादा उंच, चकचकीत डबा उभा राहतो.

ह्या शेवटच्या पाहुण्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

गेल्या वर्षी खामगावात पार्सल पाठवणाऱ्या एका दुकानात मी माझी पुस्तके घेऊन उभा होतो. माझ्या पुढे एक आजीबाई होत्या. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "का आहे याच्यात, आजी?"

"काई नाई बाप्पा, घरचंच सामान हाये."

मुलाने खोके उघडले. चिवडा, अनारसे, शंकरपाळे, आणि त्यांच्या मधोमध डास मारण्याचा एक स्प्रे व अंगाला मारायच्या सुगंधाचे दोन डबे! त्याने तिन्ही डबे अदबीने बाजूला काढले. आजीबाई रागावल्या. "दुकानात उघड्यावर इकतात ना हे? मंग पार्सलातच का झालं?"

मुलगा म्हणाला, "नियम आहे." प्रश्नाला हे उत्तर नव्हे. आजीबाईंचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर शोधताना मला बरेच काही वाचावे लागले. मराठी शिकवणाऱ्याने वायूंच्या नियमांत डोके घालावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण नियम हेही शेवटी गद्यच, आणि दुर्बोध गद्य वाचण्याची सवय आम्हां मंडळींना पोटापाण्यासाठी लागलेलीच असते.

ह्या डब्यात असते तरी काय? एक तर आपल्याला हवा असलेला पदार्थ, म्हणजे सुगंध, रंग, औषध किंवा साबणाचा फेस. आणि दुसरा, त्याला बाहेर ढकलणारा वायू. हा वायू दाबाखाली द्रवरूप होऊन बसलेला असतो. वरचे बटण दाबले की वाट मिळते आणि तो पदार्थाला सोबत घेऊन बाहेर झेपावतो. नॉर्वेच्या एरिक रोथाइम ह्या अभियंत्याने १९२७ साली ह्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना मलेरियाच्या डासांपासून वाचवण्यासाठी तिचा सपाटून वापर झाला, आणि युद्ध संपल्यावर ती घराघरांत शिरली.

पुढे बरीच वर्षे ह्या डब्यांत फ्रिऑनच्या जातीचे वायू भरत. ते जळत नसत. पण ते आकाशातला ओझोनचा थर खातात असे आढळून आले, आणि १९८७च्या माँट्रियल करारानुसार जगाने त्यांना हळूहळू रजा दिली. भारतही १९९२ साली ह्या करारात सामील झाला. फ्रिऑनची रिकामी झालेली जागा बहुतेक डब्यांत कोणी घेतली? प्रोपेन आणि ब्यूटेन ह्या जोडगोळीने. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात शेगडीला जोडलेला गॅस, तोच! आजीबाई "घरचंच सामान" म्हणाल्या ते त्यांना वाटले त्यापेक्षा कितीतरी अधिक खरे होते.

फरक एकच आहे, आणि तो मोठा महत्त्वाचा आहे. शेगडीचा गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. सुगंधाच्या डब्यात तो वास कसा चालेल? तिथे वास काढून टाकलेला गॅस वापरतात. त्यामुळे बंद खोक्यात बटण दबून गॅस सुटत राहिला, तर त्याची वार्ता नाकाला लागेलच असे नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड; तो वर उडून न जाता तळाशी साचून राहतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. दुकानात डबा उभा असतो, सावलीत असतो, मोकळ्या हवेत असतो, आणि तो काय आहे हे दुकानदाराला ठाऊक असते. पार्सलात ह्या चारही गोष्टी उलट्या होतात. डबा आडवा पडतो. त्यावर दुसऱ्यांची वजनदार खोकी बसतात. गाडी बंद असते. आणि हाताळणाऱ्या हमालाला आत काय आहे ह्याची गंधवार्ताही नसते. त्यात आमच्याकडचे ऊन! बुलडाणा गाव घाटावर, म्हणून तिथे उन्हाळाही सुसह्य. पण पार्सल राजूर घाट उतरून मलकापूरला आले की मे महिन्यात त्याला चव्वेचाळीस अंशांचा पारा भेटतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान त्याच्याही वर जाते. आणि डब्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते की पन्नास अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये.

हा पन्नासाचा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९५६ साली शिफारशींचे पहिले पुस्तक काढले. त्यांच्या केशरी वेष्टनामुळे ती 'ऑरेंज बुक' म्हणून ओळखली जातात. प्रत्येक धोकादायक वस्तूला त्यात क्रमांक आहे. फवाऱ्याच्या डब्याचा १९५० आणि सिगारेट लायटरचा १०५७. कारखान्यातून निघण्यापूर्वी फवाऱ्याचे डबे पन्नास ते पंचावन्न अंशांच्या गरम पाण्यात बुडवून पाहण्याची रीत ह्याच पुस्तकात सांगितली आहे. गळला किंवा फुगला तो डबा बाद. म्हणजे डब्याची परीक्षा तिथपर्यंतचीच झालेली असते. पुढच्या इयत्तेची हमी कोणी दिलेली नाही.

पुस्तकाने छोट्या डब्यांना सवलतही दिली आहे. लिटरभरापर्यंतचे डबे, बटणावर टोपण घट्ट बसवून, मजबूत खोक्यात भरले आणि एकूण वजन तीस किलोच्या आत ठेवले, तर रस्त्याने नि समुद्राने ते पुष्कळशा सोप्या अटींवर जाऊ शकतात. अशा खोक्यावर वरचे आणि खालचे टोक काळे असलेला पांढरा चौकोन, शंकरपाळ्यासारखा उभा, छापतात. शंकरपाळ्याच्या खोक्यावर शंकरपाळ्याची खूण! पुढे कधी ती दिसली तर ओळखा.

आपल्या देशात वायूच्या नळकांड्यांवर लक्ष ठेवणारे खाते नागपुरातच आहे. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे हे मुख्यालय. २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांत 'सिलिंडर' ह्या शब्दाची व्याख्या पाचशे मिलिलिटरहून मोठ्या धातूच्या पात्रापासून सुरू होते. आपला सुगंधाचा डबा साधारण दीडशे मिलिलिटरचा. तो व्याख्येच्या उंबऱ्याबाहेर राहतो, म्हणून वाण्याच्या दुकानात मिळतो. पण एका कायद्याच्या व्याख्येतून सुटलेली वस्तू प्रवासाच्या नियमांतूनही सुटते असे मात्र नाही.

टपालाचे आणि विमानाचे नियम तर फारच कडक. परदेशी टपालातून असे डबे पाठवताच येत नाहीत. विमानात प्रवाशाला सौंदर्यप्रसाधनाचे वा औषधाचे फवारे नेता येतात. एकेक डबा अर्ध्या लिटरपर्यंत आणि सगळे मिळून दोन लिटरपर्यंत. डासांचा ज्वालाग्राही स्प्रे सामानात अजिबात नेता येत नाही. दम्याचा पंप मात्र औषध आहे. तो रोग्याने खुशाल जवळ बाळगावा. किंबहुना जवळच बाळगावा, पार्सलाच्या भरवशावर सोडू नये. आकाशात आग लागली तर गाडी बाजूला घेऊन खाली उतरता येत नाही, हे एक कारण ह्या कडकपणाला पुरेसे आहे.

आणि रेल्वे? १९८९च्या रेल्वे कायद्याचे १६४वे कलम सांगते की धोकादायक वस्तू बेकायदा गाडीत आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाईही त्याच्याच माथी. कोणी म्हणेल, एवढ्याशा शेगडीने काय होते? २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला पहाटे जे झाले ते आठवावे. यात्रेकरूंसाठी राखून ठेवलेला एक डबा स्थानकाजवळ उभा होता. आत कोणीतरी चोरून आणलेल्या गॅसवर चहा करू लागले. आग लागली आणि नऊ माणसे गेली. ते सिलिंडर सुगंधाच्या डब्यापेक्षा मोठे होते हे खरे. पण आतला वायू त्याच कुळातला, आणि 'आपलेच घरगुती सामान' ही समजूतही तीच. शेगावला उतरणारी यात्रेकरूंची गर्दी पाहताना मला हे हटकून आठवते.

आमच्या भागात कापूस फार. जिनिंगच्या आवारात विडी पेटवू नये हे इथल्या लहान पोरालाही शिकवावे लागत नाही, कारण कापूस डोळ्यांना दिसतो. डब्यातला गॅस दिसत नाही, आणि हल्ली वासानेही ओळखू येत नाही. मग तो ओळखायचा कशाने? फक्त शब्दाने. वाहतुकीचे हे सगळे नियम, क्रमांक आणि खुणा एका लहानशा प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावर उभ्या आहेत : "आत काय आहे?" गाडी हाकणारा, रात्री गोदामात झोपणारा हमाल, विमानातले दोनशे प्रवासी, ह्यांच्यापैकी कोणीही आपले खोके उघडून पाहणार नाही. ते आपल्या शब्दावर विसंबून असतात.

तेव्हा ह्या दिवाळीत खोके बांधताना अनारसे पाठवा, चिवडा पाठवा, उटणेही पाठवा. फवारा आणि लायटर मुलांना तिथेच घ्यायला सांगा. पैसे पाठवायला हल्ली क्षणही लागत नाही. अगदी पाठवायचाच असेल तर खोके बांधण्यापूर्वी विचारा आणि रस्त्याने पाठवा. आणि पार्सलाच्या कागदावर 'आतील वस्तू' असा जो रकाना असतो, त्यात 'घरगुती सामान' एवढे लिहून मोकळे होऊ नका. चकली दोन किलो, अनारसे एक किलो, असे एकेक नाव लिहा. जागा कमी पडली तर मागच्या बाजूला लिहा.