एका दोरावर दोघं

पहाटेचे साडेतीन वाजले, की हर्नली हटमध्ये बशा-पेल्यांचा आवाज सुरू होतो. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाच्या वर, 3260 मीटर उंचीवरचा हा मुक्काम. खाणं धड घशाखाली उतरत नाही, तरी ढकलावं लागतं. कमरेला हार्नेस, डोक्याला हेल्मेट आणि दिवा अशी मंडळी काळोखात दाराशी खोळंबतात, पण घुसाघुशी चालत नाही. आधी झरमॅटचे गाइड सुटणार, मग बाहेरगावचे, आणि गाइड न घेता आलेले सगळ्यांत शेवटी.

समोर मॅटरहॉर्न. उंची 4478 मीटर, म्हणजे अजून बाराशे मीटर सरळ वर.

इथे एका गाइडमागे एकच गिऱ्हाईक. गाइड त्याला पाहुणा म्हणतात. हजार फ्रँकहून जास्त मोजणारा पाहुणा, पण पैसे मोजले म्हणून नेतीलच असं नाही. आधी जवळच्या रिफेलहॉर्नसारख्या कातळावर त्याची परीक्षा होते. पाय कुठे ठेवतो, दमतो किती, मुख्य म्हणजे उतरताना घाबरतो का, हे गाइड तिथेच जोखतो.

दोघांमध्ये दोर असतो जेमतेम काही मीटरचा. बाकीचा गाइडच्या अंगावर गुंडाळलेला आणि दोन-चार वेढे मुठीत. सोप्या जागी दोघं एकदमच चालतात. अवघड पायरी आली की गाइड पुढे चढतो, कातळाच्या एखाद्या शिंगाला नाहीतर लोखंडी खुंटाला दोर टाकतो आणि पाहुण्याला वर घेतो. घसरलाच, तर दोर आधीच ताणलेला हवा. सैल दोराचा उपयोग नाही. वाट चुकणं हा इथला दुसरा धोका. चढाईची हर्नली धार सोडून जरा बाजूला गेलं, की हाताला येईल तो दगड सुटतो.

4003 मीटरवर सोल्वे हट लागते. ही लाकडी खोली फक्त अडल्यानडल्यांसाठी. इथवर यायला अडीच-तीन तासांहून जास्त लागले, तर बरेच गाइड पाहुण्याला परत फिरवतात. आभाळ निरभ्र असलं तरी फिरवतात, कारण हिशोब उतरण्याचा असतो. पुढे जाड दोरखंड धरून कातळ चढायचा, बुटांना क्रॅम्पॉन लावून बर्फ तुडवायचं आणि अरुंद माथ्यावर पाच-दहा मिनिटं थांबायचं. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. आता क्रम उलटा: पाहुणा पुढे, गाइड मागे, म्हणजेच वर.

उतरण्याची ही धास्ती इथे जुनी आहे. 14 जुलै 1865 रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परसह सात जण पहिल्यांदा या माथ्यावर पोचले. उतरताना सगळे एकाच दोराला होते. सर्वांत खाली होता फ्रान्समधल्या शामोनीचा कसलेला गाइड मिशेल क्रो, त्याच्यावर डग्लस हॅडो हा एकोणीस वर्षांचा नवशिका. क्रो त्याचे पाय हातात धरून एकेक करून खोबणीत ठेवून देत होता! तसाच एक पाय ठेवून क्रो वळला असेल-नसेल, तोच हॅडो घसरून त्याच्या अंगावर आला. पाठोपाठ आणखी दोघं ओढले गेले. वर टाउगवाल्डर या गाइडनं धक्का पेलला, पण त्याच्या पुढचा दोर तुटला आणि चौघं गेले. तिथे वापरला गेला होता तो त्यांच्याकडचा सर्वांत कच्चा दोर. चौकशीत टाउगवाल्डर निर्दोष ठरला. संशयानं मात्र त्याची पाठ सोडली नाही. दोराचा तो तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात आहे.

त्याच गावचा गाइड उलरिख इंडरबिनेन मॅटरहॉर्न 370हून जास्त वेळा चढला, शेवटच्या वेळी वयाच्या नव्वदाव्या वर्षी. तो 102 वर्षांचा असताना, 2003च्या जुलैत, उन्हाच्या तडाख्यानं कातळाला सांधून धरणारं बर्फ वितळलं आणि हर्नली धारेचा तुकडा कोसळला. नव्वदएक जणांना हेलिकॉप्टरनं उचलून आणावं लागलं. 2022च्या उन्हाळ्यातही अशाच धोक्यामुळे गाइडांनी काही दिवस चढाया बंद ठेवल्या, तेही ऐन कमाईच्या जुलैत.