आजीचा कुठला हात खरं बोलतो?

दोस्तांनो, समजा तुम्ही झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या गावात राहता. कापूस वेचायचे दिवस आहेत. गावच्या उपकेंद्रात आज बी.पी. तपासणार आहेत, म्हणून तुम्ही आजीला घेऊन आलात. सिस्टरनी आजीच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स हवा भरली आणि वहीत आकडा लिहिला : १२६. झालं, असं समजून तुम्ही उठलात, तर सिस्टर म्हणतात, "आजी, आता दुसरा हात द्या."

"काहून वं बाई? एका हातानं भागत नाही का?"

आजी कुरकुरत हात पुढे करते. उजव्या हाताचा आकडा येतो १४८!

आता बोला! आजी तीच, खुर्ची तीच, यंत्रही तेच. मग खरं कोण बोलतंय? आणि ही नुसती गंमत नाही बरं का. १२६ धरला तर आजी ठणठणीत म्हणून घरी जाणार. १४८ धरला तर तिला पुन्हा तपासायला हवं, कदाचित रोज गोळीही घ्यावी लागेल.

आधी हा आकडा कसला ते पाहू. १४८ म्हणजे १४८ मिलिमीटर उंचीचा पारा. रक्ताच्या दाबानं नळीतला पारा तेवढा वर उचलला जातो. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. नळीत पाणी भरलं असतं तर साध्या १२० च्या दाबालाही ते १६३ सेंटिमीटर वर चढलं असतं. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्याच्याही वर! एवढी नळी घेऊन सिस्टर गावोगाव कशा फिरणार? दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली. पारा विषारी, म्हणून आता पाऱ्याची यंत्रं मागे पडत चालली आहेत. पण मोजमाप अजून पाऱ्याचंच आहे.

आता दोन हातांकडे वळू. हृदयातून निघणारी महाधमनी काठीच्या मुठीसारखी वळते. त्या वळणावर तिला फांद्या फुटतात. उजव्या हाताची आणि डोक्याच्या उजव्या बाजूची फांदी सुरुवातीला एकच असते. डाव्या हाताला मात्र स्वतंत्र फांदी. वाटा वेगळ्या, म्हणून आकडे अगदी जुळे निघत नाहीत. दहापर्यंतचा फरक डॉक्टर मनावर घेत नाहीत.

पण फरक पुन:पुन्हा १५-२० च्या वर गेला तर? ओलिताच्या पाइपला पीळ पडला की पुढच्या टोकाला पाण्याचा जोर कमी होतो ना, तसंच. वय, विडी-सिगारेट, मधुमेह यांमुळे हाताकडे जाणारी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली, की त्या हातातला दाब कमी भरतो. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं, की ज्यांच्या हातांत १५ किंवा जास्त फरक असतो, त्यांच्यात रक्तवाहिन्यांचे आजार जास्त आढळतात.

हे फक्त म्हाताऱ्यांचं दुखणं आहे, असंही समजू नका. १९०८ साली जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर ताकायासू यांना एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण दिसली. त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सांगितलं, की आपल्याकडच्या अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही! महाधमनी आणि तिच्या फांद्या सुजून अरुंद करणारा हा आजार तरुण मुलींत जास्त दिसतो आणि आपल्या देशातही आढळतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ साली त्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. भारतातलं पहिलं हृदयारोपण १९६८ साली करणारे, तेच हे डॉ. सेन. असा रुग्ण ओळखायची एक साधी खूण कोणती? दोन हातांचा दाब आणि दोन मनगटांची नाडी!

खरं सांगायचं तर गर्दीच्या दवाखान्यात दोन्ही हात मोजायला सवड कुणाला असते? पण पहिल्या वेळी तरी मोजावेतच. मग ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे दर वेळी धरायचा.

अर्थात, आधी मोजण्यातली चूक नाही ना, हे पाहायला हवं. हात खाली लोंबकळत असेल तर हृदयाच्या पातळीखाली दर दहा सेंटिमीटरला आकडा साधारण सात-आठनं वाढतो. पट्टा लहान पडला, मध्येच गप्पा मारल्या, नुकताच चहा घेतला किंवा खर्रा खाल्ला, तरी आकडा चढतो.

म्हणून तर आपल्या सिस्टर घाई करत नाहीत. आजीला पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवतात (हेच सगळ्यात कठीण!), हात टेबलावर ठेवायला लावतात आणि दोन्ही हात पुन्हा मोजतात. उजवा १४६, डावा १२४. फरक कायम. त्या वहीत ठळक अक्षरांत 'उजवा हात' लिहितात आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी देतात.

"म्हंजे माहा डावा हात लबाड निंगाला!" आजी म्हणते.

"लबाड नाही हो आजी. त्याच्यापर्यंत रक्त पोचायला वाटेत अडचण आहे का, ते डॉक्टर बघतील. सोमवारी नातवाला घेऊन जा, आणि ही चिठ्ठी विसरू नका."