रुपयाचा विनिमय दर : व्यापार, विकास आणि रोजगार

'१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता' हे विधान स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांमध्ये आजही आढळते. ते चुकीचे आहे आणि थोड्या आकडेमोडीने ते तपासता येते. त्या काळी रुपया ब्रिटिश पौंडाशी बांधलेला होता व त्याचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा ठरलेला होता. एका पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे एक पौंड १३.३३ रुपयांचा झाला. पौंडाचा दर ४.०३ डॉलर होता. यावरून एक डॉलर सुमारे ३.३० रुपयांचा होता असे दिसते. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचा दर २.८० डॉलरपर्यंत खाली आणला, भारतानेही त्याच प्रमाणात अवमूल्यन केले आणि डॉलर ४.७६ रुपये झाला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया खाली आणला नाही. परिणामी पूर्व बंगालमधील ताग कलकत्त्याच्या गिरण्यांना एकाएकी महाग झाला आणि दोन देशांमधील व्यापार काही काळ ठप्पच झाला. विनिमय दरातील फेरबदल थेट गिरणीच्या दारापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे स्वतंत्र भारतातील पहिले ठळक उदाहरण होय.

विनिमय दराकडे राष्ट्रीय प्रतिष्ठेचे मोजमाप म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती एक किंमत आहे, आणि कोणत्याही किमतीप्रमाणे ती वर गेली की काहींचा लाभ होतो, खाली आली की इतरांचा. तेव्हा 'रुपया घसरला, हे चांगले की वाईट?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कोणासाठी, हे आधी विचारावे लागते.

हा प्रश्न नवा नाही. १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असावा की १ शिलिंग ४ पेन्स, यावर मोठा वाद झाला. स्वस्त रुपयामुळे आयात कापड महाग होते, म्हणून मुंबईच्या गिरणीमालकांचा कल खालच्या दराकडे होता. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्यासाठी भिन्नमतपत्रिका जोडली. त्याच आयोगापुढे साक्ष देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यापूर्वीच, १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुपयाविषयीच्या प्रबंधात, एक महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. चलन स्वस्त झाल्याने निर्यातदाराला मिळणारा नफा हा सर्व राष्ट्राचा नफा नसतो. भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, त्यामुळे त्या नफ्याचा मोठा हिस्सा मजुराच्या वास्तव वेतनातून कापलेला असतो, असा त्याचा आशय होता. शंभर वर्षांनंतरही या विषयाची सुरुवात येथूनच करावी असे मला वाटते.

अवमूल्यन आणि घसरण

दर सरकारने वा मध्यवर्ती बँकेने ठरविलेला असेल आणि तो अधिकृत निर्णयाने खाली आणला, तर त्यास अवमूल्यन म्हणतात. दर बाजारात ठरत असेल आणि डॉलरला मागणी वाढल्याने तो खाली आला, तर ती घसरण होय. १९६६ आणि १९९१ मध्ये झाले ते अवमूल्यन. २०१३ मध्ये झाली ती घसरण. हा भेद न पाळल्यास उत्तराचे गुण हमखास जातात.

६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. या एकाच घटनेसाठी काही पुस्तकांत ३६.५ टक्के, तर काहींत ५७.५ टक्के असे आकडे दिलेले असतात. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधील किंमत ३६.५ टक्क्यांनी कमी झाली. डॉलरची रुपयातील किंमत ५७.५ टक्क्यांनी वाढली.

अवमूल्यनाने निर्यात वाढेल अशी अपेक्षा होती, पण ती तातडीने फळास आली नाही. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला. बिहारसारख्या राज्यात अन्नटंचाई होती. ताग, चहा, कापूस यांसारख्या शेतीवर आधारित निर्यातीसाठी मालच अपुरा होता. शिवाय अवमूल्यनाबरोबर निर्यातीवरील अनुदाने काढून घेतली गेली व काही वस्तूंवर निर्यातकर बसविला गेला. म्हणजे निर्यातदाराच्या हाती पडलेली वाढ कागदावरील ५७.५ टक्क्यांहून बरीच कमी होती. तिसरे कारण मागणीच्या लवचिकतेचे. चहा दहा टक्क्यांनी स्वस्त झाला म्हणून जगातील लोक दहा टक्के अधिक चहा पीत नाहीत. मार्शल-लर्नर अट हेच सांगते : निर्यात आणि आयात यांच्या मागणीची लवचिकता मिळून एकापेक्षा अधिक असेल, तरच चलन स्वस्त केल्याने व्यापारतोल सुधारतो. ही अट पूर्ण होत असली तरी वेळ लागतो. जुने करार जुन्या दराने पुरे करावे लागतात, नवा ग्राहक मिळविण्यास महिने जातात, आणि आयातीचे बिल मात्र लगेच वाढते. म्हणून तूट आधी वाढते, मग कमी होते. आलेखावर ही रेषा इंग्रजी 'जे' अक्षरासारखी दिसते.

१९९१ : तीन आठवड्यांची गंगाजळी

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. खनिज तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला, आणि सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणावे लागले. यांपैकी केरळमधील कुटुंबांची संख्या मोठी होती. संकटाचे हे निमित्त होते, मूळ नव्हे. मूळ कारण असे की ऐंशीच्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नाहून सतत अधिक राहिला. १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के, तर चालू खात्यावरील तूट सुमारे ३ टक्के होती.

या दोन तुटींचा संबंध एका साध्या समीकरणाने कळतो : चालू खात्यावरील तूट म्हणजे देशातील गुंतवणूक वजा देशातील बचत. सरकार उधळेपणाने खर्च करते तेव्हा राष्ट्रीय बचत घटते. गुंतवणूक तेवढीच राहिली तर उरलेली रक्कम परदेशातून आणावी लागते. हे समीकरण ज्याला उमगले त्याला व्यापारतुटीचा दोष केवळ परदेशी मालावर टाकता येत नाही.

जून १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. मे महिन्यात २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवले. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे सुमारे १८ टक्के अवमूल्यन झाले व डॉलर २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या आसपास गेला. याचबरोबर आयातीवर कडक निर्बंध घालण्यात आले होते. त्यामुळे कारखान्यांना सुटे भाग व कच्चा माल मिळेना. १९९१-९२ चा विकासदर दीड टक्क्याच्याही खाली आला तो यामुळेच. निर्यातही त्या वर्षी वाढली नाही. सोव्हिएत संघाची बाजारपेठ कोसळली हे त्याचे एक मोठे कारण. निर्यातीत डॉलरच्या हिशेबाने सुमारे २० टक्क्यांची वाढ दिसली ती १९९३-९४ मध्ये.

पुढील पावले जपून टाकण्यात आली. १ मार्च १९९२ पासून दुहेरी दर आला : निर्यातदाराने आणलेल्या चलनापैकी ४० टक्के अधिकृत दराने व ६० टक्के बाजाराच्या दराने बदलून मिळू लागले. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, दोन्ही दर एक झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. भांडवली खात्यावर पूर्ण परिवर्तनीयता मात्र देण्यात आलेली नाही. १९९७ मध्ये तारापोर समितीने त्यासाठी अटी सुचविल्या, त्याच वर्षी आग्नेय आशियातील चलने कोसळली, आणि आपल्या सावधपणाचे मोल लक्षात आले.

रुपया वधारतो तेव्हा

घसरणीची चर्चा फार होते. वधारण्याचीही किंमत असते. २००७ च्या प्रारंभी डॉलर सुमारे ४४ रुपयांना होता, वर्षअखेरीस तो ३९ रुपयांच्या आसपास आला. तमिळनाडूतील तिरुपूर येथील होजिअरी उद्योगाचा हिशेब पाहा. ५ डॉलरला विकल्या जाणाऱ्या कपड्याचे वर्षाच्या आरंभी २२० रुपये मिळत. अखेरीस १९५ रुपये मिळू लागले. सूत देशातलेच, मजुरी देशातली, वीज देशातली. खर्च काही कमी झाला नाही. पाच-दहा टक्के नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात ही २५ रुपयांची तूट सोसता येत नाही. परदेशी ग्राहक दर वाढवून देत नाही, कारण बांगलादेशचा माल त्याच्यासमोर असतो. मग रात्रपाळी बंद होते, नगावर काम करणाऱ्या कामगाराचे नग घटतात. कामगारकपातीच्या बातम्या त्या वर्षी तिरुपूरहून येत होत्या, आणि केंद्र सरकारला निर्यातदारांसाठी व्याजसवलत जाहीर करावी लागली.

सुरतच्या हिऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे कच्चा हिराच आयात होतो, त्यामुळे रुपया वर गेला तरी कच्चा माल स्वस्त होऊन तोट्याची बरीचशी भरपाई होते; रुपया घसरला तर लाभही तेवढाच थोडा. निर्यातीत आयात मालाचा हिस्सा किती, यावर विनिमय दराचा परिणाम ठरतो.

रिझर्व्ह बँक तेव्हा स्वस्थ बसली नव्हती. ती डॉलर विकत घेत होती. पण डॉलर घेताना तिला रुपये द्यावे लागतात, बाजारात पैसा वाढतो आणि भाववाढीचा धोका उद्भवतो. हा जादा पैसा रोखे विकून परत शोषून घेण्यासाठी २००४ पासून बाजार स्थिरीकरण योजना होती. त्या रोख्यांचे व्याज सरकारी तिजोरीतून जाई. येथे रॉबर्ट मुंडेल यांच्या नावाशी जोडलेला त्रिपेच आठवावा : स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतंत्र पतधोरण, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. भारताने तिन्हींतील थोडे-थोडे स्वीकारले आहे.

२०१३ मध्ये चक्र उलटे फिरले. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी कमी करण्याचा विचार करीत असल्याचे मे महिन्यात सूचित होताच उदयोन्मुख देशांतून भांडवल बाहेर पडू लागले. ज्या देशांची चालू खात्यावरील तूट मोठी, त्यांना फटका मोठा बसला. भारताची ही तूट २०१२-१३ मध्ये ४.८ टक्के होती आणि सोन्याची आयात तिचे एक प्रमुख कारण होते. २८ ऑगस्ट रोजी डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला. सोन्यावरील आयातशुल्क १० टक्के करण्यात आले. बँकांनी अनिवासी भारतीयांकडून आणलेल्या डॉलर ठेवींवरील विनिमय जोखीम रिझर्व्ह बँकेने सवलतीत उचलली व त्या मार्गाने सुमारे २६ अब्ज डॉलर आले. २०१३-१४ मध्ये तूट १.७ टक्क्यांवर आली.

विकास आणि रोजगार

निर्यात वाढली की विकासदर वाढतो, विकासदर वाढला की बेकारी घटते, अशी साखळी पाठ्यपुस्तकात असते. ऑकनचा नियम अमेरिकेच्या आकडेवारीवरून मांडला गेला. भारतात तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. गरीब मनुष्याला बेकार राहणे परवडत नाही. कारखान्यातील काम सुटले की तो गावी जातो, शेतावर राबतो, आणि सर्वेक्षणात 'कामावर' म्हणून नोंदला जातो. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील व्यक्तींमधील बेकारीचा दर २०१७-१८ मधील ६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. हा आकडा एकटा वाचू नये. २०१८-१९ ते २०२३-२४ या काळात शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून सुमारे ४६ टक्क्यांवर गेले. बेकारी घटणे आणि चांगले काम मिळणे या भिन्न गोष्टी आहेत.

म्हणूनच कोणती निर्यात वाढते हे महत्त्वाचे ठरते. एक कोटी रुपयांचे तयार कपडे, चामड्याच्या वस्तू वा कोळंबी जितके हात गुंतवते, तितके हात तेवढ्याच किमतीचे शुद्ध केलेले पेट्रोलियम गुंतवत नाही. संगणकसेवांच्या निर्यातीने डॉलर भरपूर आणले, पण त्या क्षेत्राचे दार अल्पशिक्षितांना बंद आहे. दुसऱ्या बाजूला, खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक व खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक हिस्सा आयात होत असल्याने रुपया स्वस्त झाला की ट्रकचे भाडे व स्वयंपाकघराचा खर्च दोन्ही वाढतात. तिरुपूरच्या कामगाराला घसरणीने काम मिळते खरे, पण घरी तेलाची पिशवी महाग पडते.

उरतो तो रुपयाचा 'योग्य' दर कोणता हा प्रश्न. केवळ डॉलरकडे पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. समजा, भारतात भाव ६ टक्क्यांनी वाढले आणि ज्यांच्याशी आपण व्यापार करतो त्या देशांत २ टक्क्यांनी. रुपया त्या चलनांच्या तुलनेत सुमारे ४ टक्क्यांनी घसरला, तर आपल्या मालाची स्पर्धाशक्ती जशीच्या तशी राहते. मुळीच घसरला नाही, तर वर्तमानपत्रे 'रुपया स्थिर' म्हणतील आणि निर्यातदार प्रत्यक्षात ४ टक्क्यांनी मागे पडलेला असेल. हा फरक मोजण्यासाठी रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या आधारे वास्तव प्रभावी विनिमय दराचा निर्देशांक काढते. त्याचे आधारवर्ष २०१५-१६ आहे. निर्देशांक वर गेला तर रुपया वास्तवात महाग झाला, खाली आला तर स्वस्त झाला, असे वाचावे. डॉलरचा दर आणि हा निर्देशांक एकाच वर्षी परस्परविरुद्ध दिशांना गेलेलेही दिसू शकतात.