दीर्घ आजारातील सावड : तेरखेडा परिसराच्या संदर्भात रुग्णमैत्री व परस्परसाहाय्य

बीजशब्द : दीर्घ आजार, समाचार, सावड, स्वमदत गट, शुभार्थी, शुभंकर, गोपनीयता

प्रास्ताविक :

मराठी ग्रामजीवनात आजारी माणसाच्या घरी 'समाचाराला' जाण्याची रीत फार जुनी आहे. पाहुणा येतो, उशाशी बसतो, दुखण्याची चौकशी करतो, कोणता डॉक्टर चांगला हे सांगतो आणि चहा घेऊन उठतो. या रीतीत आपुलकी असते, हे नाकारता येत नाही. परंतु आजार आठवड्याचा नसून वर्षानुवर्षांचा असेल तर समाचार हळूहळू विरळ होत जातो. प्रारंभी अंगण भरलेले असते आणि सहा महिन्यांनी उशाशी फक्त घरचेच माणूस उरते. दीर्घ आजाराच्या या उत्तरार्धात रुग्णाला सोबत कोण करतो आणि ही सोबत कशी घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा आणि त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवला असून, पुण्यासारख्या शहरांत वाढलेल्या रुग्णगटांचा आधारही आवश्यक तेथे घेतला आहे.

अपघात आणि आजार :

सोलापूर–धुळे महामार्गावरील तेरखेडा हे गाव फटाकानिर्मितीसाठी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. दारूकामाचा धंदा म्हणजे जोखीम आलीच. या परिसरातील कारखान्यांत स्फोट होऊन कामगार भाजल्याच्या व दगावल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. अशा वेळी गाव कसे धावते, हे तेथील लोकांना निराळे सांगावे लागत नाही. मिळेल त्या वाहनात जखमींना घातले जाते, पैसे उभे राहतात, रात्र रात्र जागणारी माणसे मिळतात.

अपघात सर्वांना एकाच क्षणी दिसतो. त्याचा आवाज होतो. कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, एचआयव्ही, कंपवात किंवा मनोविकार यांचा आवाज होत नाही. ते एका घरात शिरतात आणि तेथेच राहतात. पुष्कळदा घरचेच दार लावून घेतात, कारण मुलीचे लग्न असते, मुलाची नोकरी असते, भाऊबंदकीचा वाद असतो. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि नेमके म्हणूनच काही गोष्टी गावात बोलता येत नाहीत. जवळीक आणि मोकळीक या दोन गोष्टी एक नव्हेत. ग्रामीण समाजाविषयी लिहिताना पुष्कळदा या दोहोंची गल्लत होते.

सावडीचा न्याय :

शेतीच्या कामात 'सावड' नावाची पद्धत आहे. आज एकाच्या रानात दुसऱ्याने राबायचे आणि उद्या त्याच्या रानात पहिल्याने जायचे. पैसा मध्ये येत नाही, उपकाराची भाषाही येत नाही, कारण फेड ठरलेली असते. सावडीतला माणूस मिंधा होत नाही, हे या पद्धतीचे खरे बळ होय.

आजारी माणूस या सावडीतून बाहेर फेकला जातो. तो घेतच राहतो, देऊ काही शकत नाही. औषध घ्या, पाणी घ्या, सल्ला घ्या, दया घ्या. कालपर्यंत कुटुंब चालविणाऱ्या माणसाला किंवा दहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला सर्वांत जास्त सलते ते हे एकतर्फी घेणे. दुखण्याच्या वेदनेवर औषध मिळते, परंतु मिंधेपणावर रुग्णालयात औषध नसते.

समदुःखी माणसांच्या मैत्रीचे महत्त्व येथे आहे. ज्याच्या हाताला कंप आहे, त्याला हे सुटलेले दुसरे माणूस 'शर्टाला बटणांऐवजी चिकटपट्टी लावून घ्या' असे सांगते तेव्हा घेणाऱ्याला ओशाळे वाटत नाही, आणि सांगणाऱ्याला आपल्या आजाराचाही काही उपयोग झाला असे वाटते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली हाच मुद्दा मांडला होता. मदतीचा लाभ घेणाऱ्यापेक्षाही कित्येकदा देणाऱ्याला अधिक होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वमदत गटांच्या अभ्यासात हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. सावड ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला मात्र त्यात फारसे नवल वाटू नये.

महाराष्ट्रातील अनुभव :

या तत्त्वाची उदाहरणे महाराष्ट्रात विपुल आहेत. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना केली. तेथे कुष्ठरुग्णांच्या हाती भिक्षापात्राऐवजी कुदळ आली, आणि समाजाने टाकलेली माणसे समाजासाठी धान्य व वस्तू निर्माण करू लागली. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे स्वतःच समुपदेशक व कार्यकर्ते झाले. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी तेथे 'सहचरी' हा गटही चालतो. नवऱ्याचे व्यसन हा आपलाच दोष आहे असे मानणाऱ्या स्त्रीला तशीच दुसरी स्त्री भेटणे ही त्या गटातील मुख्य घटना होय.

तेरखेड्याला भौगोलिक व सामाजिकदृष्ट्या अधिक जवळचे उदाहरण जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले. या स्त्रिया प्रशिक्षणासाठी जामखेडला नियमित एकत्र येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांचे असे एकत्र राहणे त्या काळी सोपे नव्हते. या प्रशिक्षणात त्यांना रोगांची माहिती मिळाली. त्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे परगावच्या मैत्रिणी मिळाल्या. गावात एकटी पडलेली कार्यकर्ती आठवड्याने आपल्यासारख्याच दुसरीला भेटे आणि पुन्हा गावाला तोंड देण्यास सिद्ध होई. कुष्ठरुग्णांना निराळ्या वसाहतीत न ठेवता गावातच उपचार देण्याचे धोरण या प्रकल्पाने स्वीकारले, ते गावातील अशा विश्वासू माणसांच्या बळावर. धाराशिव जिल्ह्यातच अणदूर येथे १९९३ साली स्थापन झालेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' म्हणून गावातील स्त्रियांना घडविले, त्यामागेही हाच विचार दिसतो.

बार्शीची वाट :

येरमाळ्यावरून बार्शीला जाणारी वाट या परिसरातील कर्करुग्णांच्या परिचयाची आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसल्यामुळे नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊ लागले, बैठका घेऊ लागले, लक्षणे समजावून सांगू लागले. काही वर्षांतच असे आढळले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. येथे नवे औषध निघालेले नव्हते, गावात त्या विषयावर बोलणे सुरू झाले होते.

पुढे १९९९ साली तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावसमूह आणि चार गट अशी त्याची रचना होती. त्याचे निष्कर्ष २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. पेशीतपासणीच्या व ॲसिटिक आम्ल लावून पाहण्याच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, हा वाद नंतर उपस्थित झाला आणि तो क्षुल्लक नव्हता. जगभरच्या तपासणी धोरणांना आधार देणारी ही आकडेवारी मराठवाड्याच्या खेड्यांतील स्त्रियांच्या सहभागातून आली आहे, हे त्याच जिल्ह्यातील फार थोड्यांना ठाऊक असते.

या आकड्यांमागे एक साधी गोष्ट दडलेली आहे. अशा तपासणीला बाई एकटी सहसा जात नाही. जाऊ, शेजारीण, बचतगटातील मैत्रीण 'चल, मी पण येते' म्हणते तेव्हा ती उठते. आणि जिचा उपचार झाला आहे ती स्वतः 'मला काही झालं नाही, बघ' असे सांगते तेव्हा भित्तिपत्रकापेक्षा तिचा शब्द चालतो.

अनोळखी माणसांची जवळीक :

तथापि सर्वच आजारांत शेजारणीला हाक मारता येत नाही. १ एप्रिल २००४ रोजी शासनाने एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार सुरू केला तेव्हा केंद्रे अगदी मोजकी होती, महाराष्ट्रात मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. पुढे केंद्रे वाढली, जिल्ह्यांपर्यंत आली. पण उपचार जवळ आला म्हणून सर्वांनीच त्याचे स्वागत केले असे नाही. औषधाच्या रांगेत गावचे माणूस भेटेल या धास्तीने लांबचे केंद्र पसंत करणारे रुग्ण असतात. अशा रुग्णाला परक्या गावचा, तीच गोळी घेणारा माणूस सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटू शकतो.

भ्रमणध्वनीवरील रुग्णगटांनी ही परक्याची जवळीक घरापर्यंत आणली. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मराठीत 'शुभार्थी' व 'शुभंकर' हे दोन शब्द रूढ झाले आहेत. शुभार्थी म्हणजे आजाराशी सामना करणारा, शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. 'रुग्ण' या शब्दाला चिकटलेली अगतिकता या शब्दांत नाही. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळानेही हे शब्द आपले केले. संस्थेच्या नावातच 'मित्र' हा शब्द असावा, ही बाब अर्थपूर्ण आहे. २०२० च्या टाळेबंदीत अशा गटांच्या प्रत्यक्ष सभा थांबल्या आणि त्या पडद्यावर भरू लागल्या. त्यामुळे पूर्वी घराबाहेर पडू न शकणारे आणि परगावी राहणारे लोकही सभेला 'येऊ' लागले.

या गटांत दिवसभर काय चालते, हे पाहणाऱ्यास ते बाष्कळ वाटण्याचा संभव आहे. फुलांची चित्रे, सुप्रभात, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, कोणी केलेली शेवयांची खीर. सुशिक्षित वर्गात सुप्रभातच्या संदेशांची भरपूर थट्टा होते. परंतु आजारी माणसांच्या गटात तो संदेश म्हणजे हजेरी असते. रोज सहाला उमटणारे फूल आज आठपर्यंत उमटले नाही की कोणीतरी दूरध्वनी करते. आजाराविषयी जड बोलणे रोज शक्य नसते, तसे कोणाला नकोही असते. खिरीच्या निमित्ताने ओळख टिकते आणि म्हणूनच रात्री दोन वाजता 'झोप येत नाही' असे लिहिता येते. त्या वेळी जागे असणारे दुसरे माणूस बहुधा त्याच आजाराचे असते.

या सोबतीचे धोकेही आहेत. खात्रीच्या औषधाच्या नावाखाली भोंदू उपचार अशा गटांत वेगाने पसरतात. एकाचा मजकूर दुसरीकडे पाठविला गेला तर वर्षांचा विश्वास क्षणात संपतो. एखादा सदस्य दगावला की गटात शांतता पसरते, आणि त्याच अवस्थेतील इतरांना स्वतःचे भविष्य समोर दिसते. चांगले गट या प्रसंगी घाईने विषय बदलत नाहीत. गेलेल्या माणसाच्या शुभंकराला ते गटातच ठेवून घेतात. पुष्कळदा तोच पुढे नवख्यांचा आधार होतो.

मित्र कोणास म्हणावे :

क्षयरुग्णांना पोषण आहाराची मदत देणाऱ्या दात्यांना शासनाने सप्टेंबर २०२२ पासून 'निक्षय मित्र' असे नाव दिले आहे. धान्याची पिशवी उपयुक्त आहेच, कारण क्षय आणि कुपोषण यांचे नाते जुने आहे. मात्र पिशवी देताना काढले जाणारे छायाचित्र पाहिले की 'मित्र' हा शब्द तेथे थोडा अवघडून उभा असल्याचे जाणवते. दाता आणि मित्र यांत अंतर आहे. मित्राला परत काहीतरी देता येते. सहा महिन्यांचा औषधक्रम पूर्ण केलेला रुग्ण नव्या रुग्णाला 'पहिले दोन महिने मळमळ होते, मग थांबते' असे सांगतो, तेव्हा तो कोणत्याही योजनेशिवाय निक्षय मित्र झालेला असतो.

तेरखेड्यासारख्या गावात या दोन प्रकारच्या सोबती एकत्र कशा याव्यात, हा प्रश्न शिल्लक राहतो. फोनवरील मैत्रीण धीर देते, पण ती बार्शीपर्यंत येऊ शकत नाही. शेजारीण बार्शीपर्यंत येऊ शकते, पण तिला सर्व सांगता येत नाही. शिवाय अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. वाचता न येणाऱ्या स्त्रीला लिहिलेल्या संदेशांचा उपयोग नाही, आवाजी संदेशाचा मात्र होतो. जामखेडच्या कार्यकर्त्यांपैकी कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते, तरी त्या शिकल्या आणि शिकवीतही राहिल्या, हे येथे आठवावे लागते.

रुग्णालयांना करता येण्याजोगी एक गोष्ट अगदी लहान आहे. फेरतपासणीच्या तारखा आज रुग्णागणिक पडतात. वाशी, तेरखेडा, येरमाळा या एकाच वाटेवरील संमती देणाऱ्या रुग्णांना एकाच दिवसाची तारीख मिळाली, तर ते येरमाळ्याच्या फाट्यावर एकमेकांना भेटतील, एकाच गाडीने जातील आणि परतताना कोणाला उलटी झाली तर पिशवी कोणाजवळ आहे हे त्यांना ठाऊक असेल.